पुसलेल्या फुल्या

मी एक जुना पितळी ओळंबा आहे. जन्मभर मी एकच काम केलं, दोरीला लटकून सरळ खाली बघणं. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? मित्रांनो, जरा दम धरा. सरळ खाली बघणं वाटतं तितकं सोपं नसतं, आणि मी जे बघितलं ते तर मलाही बघवत नव्हतं.

भिंत बांधताना गवंडी वरून दोरी सोडतात. त्या दोरीच्या टोकाला जो टोकदार गोळा लोंबतो, तो मी. भिंत सरळ आहे की कललेली, हे मी दाखवतो. त्यात मी कुणाची भीड धरत नाही. बांधणारा नावाजलेला असो की कालचा नवशिका, मला सगळे सारखेच. त्यामुळे मला मित्र कमी मिळाले.

एका लहानशा वर्कशॉपमध्ये, लेथवर माझा जन्म झाला. पितळेची कांडी गरगर फिरत होती आणि तिचे सोनेरी कीस जमिनीवर पडत होते. कारागिराने मला पुन्हा पुन्हा तपासलं, टोकाला पोलादाची सुई बसवली आणि कपड्याने पुसून फळीवर ठेवलं. तिथून मला एका बाईंनी उचललं. त्यांचा मुलगा नुकताच इंजिनियर झाला होता. नातेवाइकांनी त्याला पेनं दिली, मामाने घड्याळ दिलं. आईने मला दिलं आणि म्हणाली, "घड्याळ पुढंमागं होतं रे. हा होत नाही."

तेव्हापासून तो माझा माणूस झाला. आम्ही दोघांनी पाण्याच्या टाक्या बांधल्या, पुलाचे खांब उभे केले, कारखान्याची एक उंच चिमणी आभाळात चढवली. चिमणीच्या वेळी वारा असा सुटायचा की मी वेड्यासारखा झुलायचो. मग तो मला तेलाच्या डब्यात बुडवून शांत करायचा आणि मी थांबेपर्यंत श्वास रोखून बघत राहायचा. लोक त्याची वाहवा करायचे. तो मला पुसून पिशवीत ठेवायचा. मला तेवढी शाबासकी पुरे होती.

स्वभावाने तो शांत होता, पण एका गोष्टीवरून त्याचं डोकं फिरायचं. एकदा हाताखालच्या एका पोराने मोजमापाचा आकडा जुळत नाही म्हणून खोडून टाकला. माझ्या माणसाने ते खोडरबर त्याच्या हातातून घेतलं आणि थेट नदीत भिरकावलं. "चुकीचा वाटला तरी आकडा राहू दे," तो म्हणाला. "खाली दुसरा लिही. उद्या आपल्याला दोन्ही लागतील." हे वाक्य नीट लक्षात ठेवा मित्रांनो, कारण ज्याने ते म्हटलं तोच पुढे ते विसरला.

तो लेखक कसा झाला, तेही सांगतो. कामावर काही अपघात झाला की त्याचा अहवाल लिहावा लागे. इतरांचे अहवाल वाचता वाचता वरिष्ठांना डुलक्या यायच्या. याचा अहवाल ते उभ्यानेच वाचायचे. दोर कसा तुटला, त्याआधी तो कसा कुरकुरत होता, खाली उभ्या असलेल्या माणसाने वर का पाहिलं नाही, सगळं त्यात असायचं. एकदा साहेब चष्मा काढून म्हणाले, "मी अहवाल मागितला होता. रडवायला कुणी सांगितलं होतं?" तेव्हापासून गडी बिघडला. जेवणाच्या सुट्टीत, बांबूच्या परांचीवर बसून, सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर, मिळेल तिथे लिहू लागला.

त्याची पहिली कादंबरी एका कोसळणाऱ्या पुलाची होती. ती वाचून लोक म्हणे पूल ओलांडताना पाय हळू टाकू लागले. दुसऱ्या पुस्तकात धरण फुटलं, तिसऱ्यात नाट्यगृहाचा सज्जा खाली आला. पुस्तकं हातोहात खपली आणि त्याने नोकरी सोडली. त्याची बायको शाळेत खेळ शिकवायची. खणखणीत आवाजाची, गळ्यात शिट्टी अडकवलेली बाई. ती म्हणाली, खुशाल घरी बसून लिहा, फक्त माझ्या स्वयंपाकात इंजिनियरिंग आणू नका.

गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव कोसळकरकाका ठेवलं. त्याला ते नाव आवडायचं. पुढे त्याच नावाने घात केला.

मी मात्र बेकार झालो. कितीतरी काळ एका खणात, सुकलेल्या शाईच्या बाटल्या आणि मोडक्या कंपाससोबत पडून होतो. अंगावर काळपट थर चढला. वाटायचं, संपलं आपलं. पण एकदा त्याचं लिखाण अडलं. काही केल्या पहिलं वाक्य सुचेना. चिडून काहीतरी शोधताना त्याचा हात मला लागला. त्याने मला पुसलं, अभ्यासाच्या खोलीच्या चौकटीला वर खिळा मारला आणि त्यावर मला टांगलं. मी झुललो, हळूहळू थांबलो. बघता बघता तोही थांबला, आणि लिहायला बसला.

मग तो नेमच झाला. रोज सकाळी मला एक हलकी टिचकी मारायची, मी स्थिर होईपर्यंत उभं राहायचं आणि मगच टेबलाशी जायचं. एक दिवस, कामावरची जुनी खोड म्हणून, त्याने माझ्या टोकाच्या बरोबर खाली फरशीवर पेन्सिलने बारीकशी फुली काढली. रोज मी थांबायचो तो नेमका त्या फुलीवर. तो मान हलवायचा. मला कृतकृत्य वाटायचं.

आमची इमारत जुनी पण धडधाकट होती. तळमजल्यावर एका शिंप्याचं दुकान, दुसऱ्या मजल्यावर आम्ही, आमच्या डोक्यावर व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई आणि त्यांची अंथरुणाला खिळलेली आई. शिंपी आणि आमच्या मधल्या मजल्यावर एका कंपनीचं गोदाम होतं, ते बहुधा बंदच असे. बाईंच्या घरून रोज दुपारी पोरांच्या व्हायोलिनचा किरकिराट ऐकू यायचा आणि शिंपी मशीन चालवता चालवता त्याला नावं ठेवायचा.

शेजारचं बैठं घर पाडलं आणि तिथे मोठ्या इमारतीसाठी खड्डा खणायला सुरुवात झाली, तिथून खरी गोष्ट सुरू होते. खड्ड्यात पाणी लागलं. ते उपसायला पंप बसले. त्यांचा घुरघुराट दिवसभर चाले. माझ्या माणसाच्या नव्या कादंबरीची शेवटची प्रकरणं चालू होती, प्रकाशक रोज फोन करत होता आणि बायको लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेली होती. आवाजाचा त्रास नको म्हणून त्याने खिडकी लावून घेतली. ज्याने हयात पाया खणण्यात घालवली, त्याने खड्ड्याच्या बाजूची खिडकी बंद केली. मला ते बरं वाटलं नाही.

आणि एका सकाळी मी थांबलो, तो फुलीवर नाही. फुलीच्या जरासा पलीकडे, खिडकीच्या बाजूला.

मी जीव तोडून ओरडलो असतो, पण ओळंब्याला आवाज नसतो. मला फक्त थांबता येतं. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. दोरी चाचपली, खिळा हलवून पाहिला. मग पुटपुटला, "दोरी ताणली असेल." बोट ओलं करून त्याने फुली पुसली आणि जिथे मी थांबलो होतो तिथे नवी काढली.

मित्रांनो, माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. हाच तो खोडरबर नदीत फेकणारा माणूस. पण लेखक झाल्यावर त्याच्या हाताला दुसरंच वळण लागलं होतं. वाक्य बसलं नाही की खोडायचं आणि नवं लिहायचं. टेबलावर ते शोभतं. तो ते फरशीवर करत होता आणि आपण काय करतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. डोकं कादंबरीत होतं.

पुढे हे वारंवार होऊ लागलं. मी सरकलेला दिसायचो, तो कपाळाला आठ्या घालायचा, फुली पुसायचा, नवी काढायचा. कधी म्हणायचा खिळा वाकला, कधी म्हणायचा फरशी दबली. वरून व्हायोलिन वाजायचं, खालून शिलाई मशीन, पलीकडून पंप. मी मध्ये लटकून बघत होतो, की सगळं घर माझ्याभोवती हळूच वाकतंय. इतका एकटेपणा मला खणातही वाटला नव्हता.

मग त्याची बायको परत आली. बॅग ठेवली, घराची दशा पाहिली आणि पदर खोचून कामाला लागली. अभ्यासाच्या खोलीत फरशी पुसता पुसता ती थबकली. पेन्सिलचे डाग ओल्या बोटाने पूर्ण जात नाहीत. ओल्या फडक्याखाली ते सगळे उमटून आले होते. ती गुडघ्यावर बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"अहो," तिने हाक मारली, "या फुल्या सगळ्या खिडकीकडं का चालल्यात?"

तो पेन हातात घेऊनच आला. आधी हसला. मग वाकला. मग पट्टी आणायला धावला आणि फरशीवर पालथा पडून मोजू लागला. मी वरून त्याची मान बघत होतो. ती हळूहळू लाल झाली आणि मग पांढरी पडली. सुरुवातीच्या फुल्या एकमेकींना चिकटून होत्या. नंतरच्यांमधलं अंतर वाढत गेलं होतं. शेवटच्या दोन तर अगदी दूर दूर होत्या.

"अगं, मी पुसत होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "इमारत कलतेय. रोज सांगत होती, आणि मी पुसत होतो."

तिने फडकं बादलीत टाकलं. रडणं-ओरडणं तिच्या स्वभावात नव्हतं. "ते नंतर," ती म्हणाली. "आता काय करायचं ते बोला."

त्याने आधी सरकारी कचेरीत फोन लावला. तिथे एके काळी त्याच्या हाताखाली काम केलेला अधिकारी होता. त्याने आदराने विचारपूस केली, सरांचं धरणाचं पुस्तक वाचून आठवडाभर झोप कशी लागली नाही ते सांगितलं आणि दोन-चार दिवसांत माणूस पाठवतो म्हणाला. माझा माणूस म्हणाला, दोन-चार दिवस हातात नाहीत. पलीकडून अधिकारी समजुतीने हसला.

शिंप्याची तऱ्हा तीच. त्याला वर आणून फुल्या दाखवल्या. त्याने चष्मा कपाळावर चढवून त्या नीट पाहिल्या आणि म्हणाला, "साहेब, गोष्ट तुमची, फुल्या तुमच्या, पेन्सिल तुमची. नवं पुस्तक कधी येतंय?" शाळेचे गणवेश द्यायचे होते म्हणून तो घाईने खाली गेला. व्हायोलिनच्या बाईंनी तर दार अर्धंच उघडलं. आजारी आईला असल्या गोष्टी ऐकवू नका, एवढंच बोलून त्यांनी ते लावून घेतलं. ज्याने जन्मभर खोटे पूल पाडले, त्याच्या खऱ्या भिंतीवर विश्वास कोण ठेवणार?

तो जिन्यात बसून राहिला. दुपारी पोरं व्हायोलिन घेऊन येणार होती. जेवून खाऊन, हसत-खिदळत, थेट वरच्या मजल्यावर.

अचानक तो उठला, घरात आला आणि मला खिळ्यावरून काढलं. लांब दोरी बांधली आणि सगळ्यात वरच्या कठड्यावरून मला जिन्याच्या पोकळीत खाली सोडलं. मी मजल्यामागून मजला उतरत शिंप्याच्या दुकानासमोर, जमिनीच्या किंचित वर येऊन लोंबू लागलो. चिमणीनंतर इतक्या उंचीवरून मी कधी लटकलो नव्हतो. भीतीही वाटत होती आणि छातीही फुगली होती.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," तो शिंप्याला म्हणाला. "फुली तुम्ही काढा. तुमच्या हातानं."

शिंपी वैतागला, पण भिडस्त माणूस. त्याने कापडावर खुणा करायचा खडू घेतला, गुडघे टेकले आणि माझ्या टोकाखाली ठसठशीत निळी फुली काढली. वर म्हणाला, आता शिवू देता का?

मग वाट बघणं आलं. शिंप्याचं मशीन चालू होतं. माझा माणूस पायरीवर बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. त्याची बायको वर जाऊन खण धुंडाळत होती. कुठल्याशा भिंतीत काहीतरी कडकन वाजलं. शिंप्याने मान वर केली, पुन्हा खाली घातली. मला जाणवत होतं, मी सरळच लोंबत होतो. वरचा कठडा मला घेऊन खड्ड्याकडे झुकत होता आणि ती निळी फुली मागे राहत होती. ते कधी कुणाला दिसतंय, याची मी वाट बघत होतो.

दुपारी पोरं आली. माझ्या माणसाने दारात आडवा हात धरला. व्हायोलिनच्या बाई तावातावाने खाली आल्या. माझ्या विद्यार्थ्यांना अडवणारे तुम्ही कोण, लोकांना घाबरवून पुस्तकं खपवायची ती खपवा, माझा क्लास का बंद पाडता, असं त्या बोलत सुटल्या. पोरं भेदरून एकमेकांकडे बघू लागली. माझ्या माणसाने हात खाली घेतला नाही.

आणि शिंप्याचं मशीन थांबलं.

तो दुकानाच्या उंबऱ्यावर उभा होता. माझ्याकडे बघत होता. मग जवळ येऊन बसला आणि फुली आणि माझं टोक यांच्यामध्ये त्याने आपलं बोट ठेवलं. बोट आरामात मावलं.

"खडू माझा," तो हळूच म्हणाला. "हात माझा. बाई, पोरांना रस्त्यापलीकडं न्या."

मग जी धावपळ उडाली ती काय सांगू. शिंप्याने एका क्षणात दुकानाकडे पाठ फिरवली. माझ्या माणसाची बायको जिन्यावरून धडधडत उतरली. तिला शाळेतली जुनी शिट्टी सापडली होती. ती थेट खड्ड्याच्या काठाशी गेली आणि अशी शिट्टी फुंकली की पंपांचाही आवाज बुडाला. खालचे कामगार वर बघू लागले. बाहेर, सगळे बाहेर, ती हाताने सांगत होती आणि ज्या जरबेने आयुष्यभर मुलांच्या रांगा लावल्या त्याच जरबेने तिने त्या दांडग्या माणसांना शिडीवरून वर काढलं.

माझा माणूस वर धावला. मला माहीत होतं कशासाठी. टेबलावर कादंबरीचे हाताने लिहिलेले कागद होते. दुसरी प्रत नव्हती. उतरताना तो गठ्ठा त्याने छातीशी धरला होता. तेवढ्यात वरून बाईंचा आवाज आला. आईला आणायला त्या वर गेल्या होत्या आणि दार उघडत नव्हतं. चौकट तिरकी होऊन दार त्यात आवळलं गेलं होतं. आत म्हातारी एकटी होती.

तो क्षणभर थांबला. हातातल्या कागदांकडे त्याने पाहिलं. दार तोडायला दोन हात लागतात. त्याने गठ्ठा पायरीवर ठेवला आणि शिंप्याला हाक मारली. शिंपी दुकानातली भली जड इस्त्री उचलून वर पळाला. वरून घाव ऐकू येऊ लागले. प्रत्येक घावाला माझी दोरी थरथरत होती. भिंतीतून माती गळू लागली. मी जिन्याच्या खालच्या कठड्याच्या अगदी जवळ आलो होतो. आयुष्यात मी कधी कशाला टेकलो नव्हतो. टेकलेला ओळंबा काही सांगू शकत नाही. आणि मी कठड्याला टेकलो.

त्याच वेळी दार मोडल्याचा आवाज झाला. ते म्हातारीला खुर्चीत बसवून घेऊन आले, पुढे शिंपी, मागे माझा माणूस, बाजूला रडणाऱ्या बाई. म्हातारी शुद्धीवर होती आणि हळू चाला रे म्हणत होती. ते गठ्ठ्याजवळून गेले. माझ्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं. दोन्ही हात खुर्चीला होते. तो पुढे गेला. मग माझ्याजवळून गेला. माझ्याकडेही त्याने पाहिलं, आणि मित्रांनो, मला वाईट वाटलं नाही. खरंच नाही. मला फक्त वाटत होतं, चला, लवकर चला, थांबू नका.

ते रस्त्यापलीकडे पोचल्यावर इमारतीची खड्ड्याकडची बाजू खाली बसली. मोठा आवाज झाला म्हणतात. मला आठवतं ते एवढंच, की माझी दोरी सुटली आणि मी प्रथमच खाली बघण्याऐवजी खाली गेलो.

कुणाला खरचटलंदेखील नाही. पण कादंबरी गेली. म्हणतात, रस्त्यावर बायकोने त्याला कागदांबद्दल विचारलं. तो म्हणाला, जिन्यात राहिले. मग तो रस्त्याच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडला. आणि तिने त्याला रडू दिलं.

मी ढिगाऱ्यात बरेच दिवस पडून होतो. माझं टोक वाकलं, अंगाला खोक पडली. आपल्या शिलाई मशीनचा सांगाडा शोधायला आलेल्या शिंप्याला मी सापडलो. त्याने मला धोतराच्या चिंधीने, तेवढीच जवळ होती, लख्ख पुसलं आणि नव्या घरी आणून दिलं. माझ्या माणसाने मला हातात घेतलं. नुसता अंगठा माझ्या खोकेवरून फिरवत राहिला.

आता आम्ही तळमजल्यावर राहतो. चौकटीला खिळा आहे, त्यावर मी आहे. तीच कादंबरी तो पुन्हा लिहितोय. आठवते तशी येत नाही म्हणतो, वेगळीच होतेय. माझं टोक वाकडं आहे, तरी रोज मी एकाच जागी थांबतो, आणि तेवढं पुरतं. फुली मात्र आता तो काढत नाही. ती त्याच्या बायकोने काढली आहे आणि पेन्सिल तिच्याच ताब्यात असते.

मित्रांनो, घरात, शाळेत, कुठेही काही जागचं हललेलं दिसलं तर दोरीला दोष देऊन ती खूण पुसू नका. दुसऱ्या कुणाला तरी बोलावून दाखवा. आम्ही मुक्या वस्तू एवढंच सांगू शकतो, आणि तेही तुम्ही पुसलं तर मग काही उरत नाही.

रोज सकाळी तो मला टिचकी मारतो. मी झुलतो, थांबतो. तो टेबलाशी जात नाही. स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारतो. ती हात पुसत येते, गुडघ्यावर बसते, नीट बघते. तो पेन हातात धरून बाजूला उभा असतो.

"आहे तिथंच आहे," ती म्हणते. "लिहा आता."